एका गाठीचे दोन अहवाल

वर्गात आम्ही मुलांना नेहमी सांगतो की संहिता आपण होऊन काही बोलत नाही; तिला जे विचारावे तेवढ्याचेच उत्तर ती देते. आमच्यापैकी एकाने हे वाक्य महाविद्यालयात आणि दुसरीने शाळेत वर्षानुवर्षे उच्चारले आहे. ते खरे आहे असे आम्हाला वाटतही होते. पण त्याचा अर्थ आम्हाला कळला तो २००९ साली, नागपूरच्या एका दवाखान्यात, आमच्या वडिलांच्या कोपराजवळून काढलेल्या वाटाण्याएवढ्या गाठीमुळे.

अण्णा २०१७ साली गेले. त्यापूर्वी एकदा ते म्हणाले होते, "लिहायचं असेल तर लिहा, पण मी गेल्यावर. आणि रोगाचं नाव आडून लिहू नका." म्हणून हा लेख. तो आम्ही भावंडांनी मिळून लिहिला आहे. त्यामुळे यातला 'आम्ही' निबंधकाराचा आदरार्थी 'आम्ही' नव्हे, तो खरोखरीच दोघांचा आहे.

अण्णा वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाळेत संस्कृत आणि मराठी शिकवीत. जन्म १९४० चा, नोकरी १९६३ पासून, लग्न १९६८ साली, निवृत्ती १९९८ साली. त्यांच्याविषयी गावात आदर होता आणि घरात थोडा धाक. त्यांचा पाण्याचा पेला वेगळा असे, पंचा वेगळा असे, अंथरूण खिडकीपाशी एकटे असे. जेवल्यावर ते आपले ताट स्वतः उचलून घासत. त्या काळी आमच्या भागात नवऱ्याच्या ताटात जेवणाऱ्या बायका पुष्कळ होत्या. आमच्या आईवर ती वेळ कधी आली नाही. शेजारीपाजारी अण्णांना सुधारक म्हणत, आणि 'माझे वडील' या विषयावरच्या निबंधात आम्हीही तसेच लिहून चांगले गुण मिळवले होते. मात्र त्यांनी आम्हाला उचलून घेतल्याची, कुशीत झोपवल्याची एकही आठवण आमच्यापाशी नाही. काही माणसांचा स्वभावच कोरडा असतो, असे मानून आम्ही मोठे झालो. निवृत्तीनंतर ते बदलले. नातवंडे त्यांच्या मांडीवर बसत, त्यांच्या ताटात हात घालत, आणि ते काही म्हणत नसत. वय माणसाला मऊ करते, असे आम्ही एकमेकांना सांगितले. आमच्या वडिलांचे आम्ही केलेले हे वाचन होते आणि त्यात काही चुकत असेल अशी शंका आम्हाला कधी आली नव्हती.

२००७ च्या पावसाळ्यात त्यांच्या हातांवर आणि मांड्यांवर गाठी दिसू लागल्या. घट्ट, गुळगुळीत, चमकदार, घुमटासारख्या वर आलेल्या, आजूबाजूच्या कातडीपेक्षा किंचित तांबूस. दुखत नव्हत्या, खाजत नव्हत्या. गाठींच्या मधली कातडी अगदी नितळ होती. वर्षभरात त्या दहा-बाराच्या वीस-पंचवीस झाल्या तेव्हा आम्ही त्यांना एका शल्यचिकित्सकाकडे नेले. आमच्या सर्वांच्या मनात एकच शब्द होता: कर्करोग. डॉक्टरांच्याही मनात तोच असावा. त्यांनी दंडावरच्या एका गाठीचा वरचा भाग पात्याने काढला, बाटलीत टाकला आणि सोबतच्या कागदावर रुग्णाचे वय, गाठीची जागा आणि 'कर्करोग?' एवढे लिहून तपासणीला पाठवला.

आठवड्याने अहवाल आला. 'डर्माटोफायब्रोमा', म्हणजे कातडीतल्या तंतुमय पेशींची निरुपद्रवी गाठ. कर्करोगाची लक्षणे नाहीत. आम्ही पेढे वाटले. अण्णांनी एक पेढा घेतला आणि काहीच बोलले नाहीत.

गाठी मात्र वाढतच राहिल्या. कानाच्या पाळ्यांवर आल्या, कोपरांवर आल्या. २००९ च्या जानेवारीत एका स्नेह्याच्या सांगण्यावरून आम्ही नागपूरला एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी गाठींकडे पाहण्याआधी अण्णांचा हात कोपरात वाकवला आणि आतल्या बाजूच्या हाडामागे बोटांनी काहीतरी चाचपले. मग मानेच्या बाजूला, मग गुडघ्याखाली. डोळे मिटायला सांगून तळपायाला कापसाचा बोळा लावला. अण्णांना तो कळला नाही. त्यांनी तो पुन्हा लावला. तोही कळला नाही.

"सर," बाई म्हणाल्या, "पूर्वी कधी पांढऱ्या गोळ्या घेतल्या होत्या का? बरेच दिवस?"

अण्णांनी आमच्याकडे पाहिले नाही. "घेतल्या होत्या," ते म्हणाले. "सहासष्टपासून. चार-पाच वर्षं."

आम्ही दोघे शेजारीच बसलो होतो. आम्हाला त्या प्रश्नाचाही अर्थ कळला नव्हता आणि उत्तराचाही.

त्या दिवशी ज्या तपासण्या झाल्या त्या बाईंनी आम्हाला मागाहून सविस्तर समजावून सांगितल्या. आम्ही शिक्षक आहोत हे कळल्यावर त्यांना हुरूप आला असावा. त्या इथे थोड्या तपशिलाने सांगतो, कारण पुढचे सारे त्यांच्यावरच उभे आहे.

पहिली तपासणी कातडीतल्या रसाची. कानाची पाळी किंवा गाठ अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून रक्त ओसरून ती पांढुरकी पडेपर्यंत दाबायची. मग पात्याने सुमारे ५ मिलिमीटर लांब आणि २ ते ३ मिलिमीटर खोल चीर द्यायची, पाते काटकोनात फिरवून चिरेची आतली बाजू खरवडायची आणि जो रस येईल तो काचेवर पसरायचा. चिमूट सैल पडली तर रक्त येते आणि रक्तात काही दिसत नाही. बाईंनी असा रस तीन ठिकाणचा घेतला: कानाच्या पाळीतला, कोपरावरच्या गाठीतला आणि त्या गाठीला लागून असलेल्या नितळ कातडीतला. या तिसऱ्या जागेचे आम्हाला आश्चर्य वाटले. जिथे काही दिसत नाही तिथले कशाला? त्या म्हणाल्या, "दोन्हींत फरक किती आहे, तेच तर पाहायचंय."

दुसरी तपासणी बायॉप्सीची. तिच्याही रीती अनेक आहेत. गोल धारेच्या छोट्या नळीने ४-५ मिलिमीटरचा तुकडा काढता येतो. लंबगोल छेद घेऊन गाठीचा भाग काढता येतो. गाठ लहान असेल तर ती समूळ काढता येते. वरवर तासून घेणे ही रीत इथे कामाची नाही, कारण या रोगाचा पुरावा खोल असतो. वरच्या थराच्या लगेच खाली एक मोकळी पट्टी असते. तिथे जंतू नसतात किंवा असलेच तर तुरळक. छेद त्या पट्टीपाशीच थांबला तर हाती कोरे पान येते. बाईंनी कोपरावरची एक गाठ भूल देऊन खालच्या चरबीसकट काढली. चिमट्याने ती कुठेही चिरडली जाऊ नये म्हणून कडेला अलगद धरली, कारण चिरडलेल्या पेशी वाचता येत नाहीत. मग ती १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवली. सोबतच्या कागदावर त्यांनी जे लिहिले ते आम्ही वाचले: जुन्या गोळ्यांचा इतिहास, कोपरामागची जाड झालेली नस, तळपायाची बधिरता आणि शेवटी 'फाइट रंग करावा'.

या शेवटच्या तीन शब्दांत सगळे होते. ऊती मेणात बसवून तिचे काही मायक्रॉन जाडीचे काप घेतात आणि ते नेहमीच्या निळ्या-गुलाबी रंगात रंगवतात. त्या रंगात पेशींचे आकार दिसतात. हा जंतू दिसत नाही. तो दिसायला फुक्सिनचा लाल रंग द्यावा लागतो आणि मग आम्लाने धुवावे लागते. इतरांचा रंग उतरतो, याचा उतरत नाही. पण कुष्ठरोगाचा जंतू क्षयाच्या जंतूपेक्षा नाजूक. मेण काढण्यासाठी जे झायलीन वापरतात त्याने त्याचे मेणचट आवरणही विरघळते आणि मग तोही रंग सोडतो. म्हणून फाइट यांच्या पद्धतीत झायलीनमध्ये शेंगदाण्याचे तेल मिसळतात आणि आम्लही सौम्य घेतात. तेलामुळे ते आवरण टिकते. आमच्या आईला यातले एवढेच लक्षात राहिले, आणि पुढे कितीतरी दिवस फोडणी करताना ती मध्येच थांबत असे.

बाईंनी आणखी एक गोष्ट केली. आधीच्या प्रयोगशाळेत अण्णांच्या पहिल्या तुकड्याचा मेणाचा ठोकळा जपून ठेवलेला होता. तो त्यांनी मागवला आणि त्याचाही नवा काप घेऊन त्याला तोच रंग द्यायला लावला.

चार दिवसांनी त्यांनी आम्हाला सूक्ष्मदर्शकातून दोन्ही काचा दाखवल्या. नेहमीच्या रंगातल्या काचेवर लांबट, चातीसारख्या पेशी एकमेकींत गुंतत, गोल फिरत गेल्या होत्या. एखाद्या चटईच्या विणीसारख्या. "हे एवढंच पाहिलं तर कुणीही डर्माटोफायब्रोमा म्हणेल," बाई म्हणाल्या. "त्या अहवालात लबाडी नव्हती." मग दुसरी काच. तीच वीण, पण आता तिच्यात लालभडक काड्या भरलेल्या. पेशींच्या लांबीला समांतर, जुड्या करून, गव्हाच्या पेंढ्या लावून ठेवाव्यात तशा. नेहमीच्या कुष्ठजंतूपेक्षा त्या लांब होत्या. गाठीतल्या रसाचा निर्देशांक ६ आला होता, म्हणजे सूक्ष्मदर्शकाच्या एकेका दृष्टिक्षेत्रात हजाराहून अधिक जंतू. शेजारच्या नितळ कातडीत मात्र ते शोधावे लागत होते. आणि तिसरी काच, जुन्या ठोकळ्याची. तो तुकडा उथळ होता, तरी त्याच्या तळाच्या कडेला त्याच लाल काड्या होत्या. आम्ही पेढे वाटले तेव्हाही त्या तिथेच होत्या.

निदान होते हिस्टॉइड कुष्ठरोग. हा कुष्ठरोगाचा एक विरळा प्रकार. त्याचे वर्णन एच. डब्ल्यू. वेड या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञाने प्रथम १९६० च्या सुमारास केले आणि १९६३ साली सविस्तर मांडले. फिलिपीन्समधल्या कुलियन बेटावरच्या कुष्ठवसाहतीत त्यांचे आयुष्य गेले. कातडी खरवडून रस घेण्याची रीत रूढ करण्यातही त्यांचा वाटा होता. हे नाव ऐकून अण्णा त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा हसले. "नाव वेड, पण काम शहाण्याचं," ते म्हणाले. 'हिस्टॉइड' या शब्दाच्या मुळाशी ग्रीक 'हिस्टोस' आहे. त्याचा अर्थ माग, आणि मागावरचे विणलेले वस्त्र. आपल्याकडे शास्त्राच्या पुस्तकांत 'ऊती' हा शब्द येतो तोही विणण्यावरूनच. ही व्युत्पत्ती अण्णांनीच सांगितली. संस्कृतचा शिक्षक दवाखान्यातही सुटत नाही.

वेड यांनी पाहिलेले रुग्ण बहुतेक करून डॅप्सोन ही एकच गोळी घेऊन बरे होत आलेले आणि मग पुन्हा उलटलेले असे होते. डॅप्सोनला न जुमानणारे जंतू असतात हे १९६४ साली मलेशियात सिद्ध झाले. गोळी अर्धवट सोडली तरी रोग उलटतो. तीन औषधांचा एकत्रित उपचार जागतिक आरोग्य संघटनेने सुचवला तो १९८१ साली. म्हणजे अण्णांनी गोळ्या सोडल्या त्यानंतर दहा वर्षांनी. कधीच डॅप्सोन न घेतलेल्या रुग्णांतही हा प्रकार आढळतो, हे पुढे दिसून आले आहे; अण्णांच्या बाबतीत मात्र जुना धागा स्पष्ट होता.

तो धागा त्यांनी त्या रात्री धर्मशाळेच्या खोलीत उलगडला. गांधीजींच्या स्मृत्यर्थ १९५१ साली वर्ध्याला निघालेल्या संस्थेने पाहणी, शिक्षण आणि उपचार या तीन सूत्रांवर गावोगाव कुष्ठकार्य उभे केले होते, आणि त्या धर्तीवर काम करणारे लोक शाळाशाळांतून मुलांची कातडी तपासत हिंडत. १९६६ साली असाच एक कार्यकर्ता त्यांच्या शाळेत आला. मुलांना रांगेत उभे करण्याचे काम अण्णांकडे होते. सगळी मुले झाल्यावर, अंधार पडत असताना, अण्णांनी त्याला आपली कानाची पाळी दाखवली. पुढची चार-पाच वर्षे ते महिन्यातून एकदा सायकलने दुसऱ्या गावी जाऊन गोळ्या आणत. अडुसष्टमध्ये घरच्यांनी लग्न ठरवले. त्यांनी कुणालाच काही सांगितले नाही. एकाहत्तरमध्ये बदली झाली; चट्टे गेले होते, नव्या गावी विचारायची सोय नव्हती, गोळ्या सुटल्या. बरे झालो की नाही याची खात्री त्यांना कधीच नव्हती. म्हणून पेला वेगळा. म्हणून पंचा वेगळा. म्हणून ताट स्वतः घासायचे.

"तुम्हाला उचलावंसं वाटायचं," ते म्हणाले. "पण भीती वाटायची. निवृत्त झालो तेव्हा म्हटलं, तीस वर्षं झाली, काही नाही झालं. आता हरकत नाही."

आम्ही तेव्हा काही बोललो नाही. सकाळी बाईंना विचारले. त्यांनी जे सांगितले ते लिहिणे अजूनही जड जाते. आम्ही लहान असताना, गोळ्यांनी रोग दबलेला असताना, अण्णांपासून आम्हाला धोका असण्याचा संभव फार कमी होता. आणि गाठी आल्यापासून, निर्देशांक सहावर असताना, नातवंडे मांडीवर बसत होती त्या काळात, तो खरा होता. त्यांनी सावधगिरी बाळगली ती जिथे फारशी गरज नव्हती तिथे; आणि सोडली ती नेमकी नको तेव्हा. यात त्यांचा दोष काय होता? त्यांना विचारायला कुणी नव्हते, आणि ते विचारू शकतील असे जग आम्ही कुणी त्यांच्याभोवती ठेवले नव्हते.

घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. आई, आम्ही दोघे, आमची मुले. डोक्यापासून पायापर्यंत कातडी पाहिली गेली, नसा चाचपल्या गेल्या. कुणालाही काही निघाले नाही. बहुतेक माणसांच्या शरीरात या जंतूला तोंड देण्याची ताकद उपजतच असते. मुलांकडे मात्र पुढची पाच वर्षे लक्ष ठेवायला सांगितले होते, आणि ती पाच वर्षे आम्ही कशी काढली ते आम्हालाच माहीत. आज असे निदान झाले तर सहवासातल्या माणसांना रिफाम्पिसिनची एक मात्रा देतात; तशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली केली.

पहिल्या डॉक्टरांवर आमचा राग होता. तो हळूहळू ओसरला, कारण आमचाही प्रश्न तोच होता जो त्यांचा होता. आम्ही 'कर्करोग आहे का?' असे विचारले आणि काचेने 'नाही' म्हटले. उत्तर बरोबर होते. शिवाय त्या डॉक्टरांना कुष्ठरोग सुचला नाही याला एक कारण भाषेतही आहे, आणि भाषेच्या शिक्षकांनी ते सांगितले पाहिजे. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर कुष्ठरोगाचे 'निर्मूलन' झाल्याचे मानले गेले. त्या शब्दाचा तिथला अर्थ इतकाच होता की दर दहा हजार लोकांमागे उपचाराखाली असलेल्यांचे प्रमाण एकाच्या खाली आले. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने ते मोठे यश होते. पण मराठीत निर्मूलन म्हणजे मुळासकट उपटणे. ज्याचे मूळच उरले नाही ते कोण शोधणार? देशात आजही दरवर्षी लाखाच्या घरात नवे रुग्ण सापडतात. तरीही आमच्यासारख्या शिकलेल्या घरात हा रोग आता पुस्तकात आणि सिग्नलपाशी उरला आहे, अशीच समजूत होती.

पुस्तकांचीही एक गोष्ट आहे. पोवाड्यांचा तास घेताना ॲकवर्थ आणि शाळिग्राम यांचे नाव आम्ही कितीदा घेतले असेल! १८९१ साली या दोघांनी मराठी पोवाड्यांचा संग्रह छापला; तो नसता तर आपल्या शाहिरी वाङ्मयाचा कितीतरी भाग विरून गेला असता. हा ॲकवर्थ मुंबईचा महापालिका आयुक्त होता, आणि त्याच सुमारास, १८९० साली, रस्त्यावरच्या कुष्ठरुग्णांसाठी त्याने आश्रयस्थान उभारले. वडाळ्याचे ॲकवर्थ रुग्णालय ते हेच. एकाच माणसाच्या या दोन कामांपैकी एक आम्हाला पाठ होते आणि दुसरे आमच्या गावीही नव्हते. अण्णांना दोन्ही माहीत होती. तसेच परचुरे शास्त्रींचे. सेवाग्रामला गांधीजींनी ज्यांची शुश्रूषा केली ते हे कुष्ठरुग्ण संस्कृत पंडित. अण्णा त्यांच्या विद्वत्तेविषयी बोलू लागले की आवाज वेगळा होई आणि गोष्ट कुटीच्या दाराशी येऊन थांबे. संस्कृतवरचे प्रेम, असे आम्ही समजत होतो.

वर्गात 'कुष्ठ' हा शब्द कवितेत किंवा नाटकात आला की आम्ही फळ्यावर लिहीत असू: सडलेल्या समाजाचे प्रतीक. आयुर्वेदात कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत साध्या त्वचारोगांचाही समावेश होतो. पुढे 'महारोग' हा शब्द एका रोगाला चिकटला आणि त्यासोबत पाप, शाप, वाळीत टाकणे हे सगळे. साहित्याने ते वापरले. त्या काचेवर यातले काहीही नव्हते. तिथे एक जंतू होता, त्याला एक रंग होता, आणि मोजता येईल अशी संख्या होती. त्या संख्येने आम्हाला जितका धीर दिला तितका कोणत्याही करुण कवितेने दिला नसता. आम्ही अजूनही प्रतीके शिकवतो. पण हा शब्द आला की आधी रोग समजावून सांगतो: हा हवेतून, दीर्घ सहवासाने पसरतो, औषधाने पूर्ण बरा होतो, बोटे झडत नाहीत, बधिर जागेला जखमा होऊन ती झिजतात. त्यानंतर कविता.

अण्णांचा उपचार सुरू झाला. सरकारी दवाखान्यातून मोफत मिळणारी पाने, एकेक पान अठ्ठावीस दिवसांचे. क्लोफाझिमिनने त्यांची कातडी काळवंडली. जुने विद्यार्थी विचारत, "सर, उन्हात फार हिंडता वाटतं?" पहिले काही महिने ते "हो" म्हणत. मग एक दिवस एका विद्यार्थ्याला, तो आता स्वतः मुख्याध्यापक होता, त्यांनी सरळ सांगितले, "कुष्ठरोग झालाय. औषध चालू आहे." तो क्षणभर गप्प राहिला आणि मग समोरचा चहाचा कप उचलून प्याला. अण्णा त्याचे ते पिणे पाहत राहिले. गाठी सपाट झाल्या. जंतू लवकर मरतात, पण मेलेले जंतू कातडीतून जायला वर्षे लागतात; निर्देशांक वर्षाला साधारण एका अंकाने उतरत गेला. दर वर्षी तो आकडा ते निकालपत्रक वाचावे तसे मोठ्याने वाचून दाखवीत. पायाची बधिरता मात्र गेली नाही, आणि रोज रात्री तळपाय आरशात पाहण्याची सवय त्यांनी शेवटपर्यंत ठेवली.

आई नागपूरहून आल्यावर दोन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती. आम्हाला वाटले, ती रोगाला घाबरली. तिसऱ्या दिवशी तिने त्यांचे ताट त्यांच्या हातातून काढून घेतले आणि स्वतः घासले. तेव्हाही ती काही बोलली नाही.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराला असाध्य स्वरूपाचा कुष्ठरोग असणे हे घटस्फोटाचे कारण होते. रोग पूर्ण बरा होऊ लागल्यावरही ते कलम कितीतरी वर्षे तसेच राहिले. २०१९ साली संसदेने ते काढून टाकले. अण्णा जाऊन दोन वर्षे झाली होती. वर्तमानपत्रातली ती बातमी आम्ही आईला वाचून दाखवली. तिने ती पुन्हा एकदा वाचायला सांगितली. मग म्हणाली, "सांगितलं असतं तरी मी गेले नसते. पण मला विचारायला हवं होतं."